पावसाळाभर पडून राहिलेला कटर: टाकी रिकामी की भरलेली?

सड्यावरचा
मे महिन्यात पावसाळ्याची लाकडं कापून झाल्यावर पेट्रोलवरचा कटर टाकी काठोकाठ भरून पडवीत खुंटीला टांगला. भरलेल्या टाकीत हवा राहत नाही, हवा नाही म्हणजे ओल नाही, हा दुकानदाराचा सल्ला. परवा फणसाची फांदी गोठ्यावर आली म्हणून खाली काढला. चोक देऊन वीस-पंचवीस वेळा दोरी ओढली. एकदा भुरभुरला आणि गप्प. दंड मात्र भरून आले.
माझं मत: पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून टाकी भरून ठेवण्याचा सल्ला बाद झालाय. मृगाआधी टाकी रिकामी झालीच पाहिजे. कुणाचं वेगळं म्हणणं आहे?

निवृत्त_मिस्त्री
माझं आहे. मोटारसायकलसारखी फ्लोटची वाटी याच्या कार्बुरेटरात नसते. कटर आडवा धरा, उलटा धरा, चालला पाहिजे, म्हणून आत रबरी पडदा असतो. तो कोरडा पडला की ताठरतो, मग पेट्रोलची वाट उघडणारी सुई उचलत नाही आणि पेट्रोल येत नाही. ओला पडदा मऊ राहतो. दोष टाकी भरण्याचा नाही, पाच महिने त्याच्याकडे ढुंकून न बघण्याचा आहे. पंधरा दिवसांतून एकदा दोन मिनिटं फिरवला असता तर ही वेळ आली नसती.

खाडीपलीकडे
काका, पडद्याचं बरोबर, पण नवीन पडद्यांचा संच स्वस्तात मिळतो. दट्ट्या आणि सिलिंडर नाही मिळत. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. इंजिनासाठी मिसळलेलं टू-स्ट्रोकचं ऑइल राहतं वरच्या पेट्रोलात. आता टाकीतला फिल्टर कुठे लोळतो? तळाला! म्हणजे इंजिन सुरू झालंच तर ते बिनऑइलचं पाणी-अल्कोहोल ओढणार. दट्ट्या जॅम व्हायला वेळ लागत नाही. सड्यावरचे दादा, तुमचा सुरू झाला नाही हे नशीब समजा.

निवृत्त_मिस्त्री
घाबरवू नका हो पोराला. नुसत्या दमट हवेने झाकण लावलेल्या टाकीत एवढं पाणी होत नाही. २० टक्केवालं पेट्रोल तर १० टक्केवाल्यापेक्षा जास्त पाणी पोटात घेतं, मग फुटतं. पाणी आलं असेल तर दुसरीकडून.

दोन_गुंठे_राजा
नवीन कार्बुरेटर टाका, विषय संपवा. अर्धा दिवस घालवून साफ कोण करतंय.

खाडीपलीकडे
राजे, पाइप चिरला असेल तर तीन कार्बुरेटर बदलूनही तेच होईल. आधी रोग तर ओळखा. प्लग काढून बघा. एवढ्या ओढण्यानंतरही कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये. प्लगच्या भोकातून ताज्या पेट्रोल-ऑइल मिक्सचे चार थेंब सोडा, प्लग बसवा, ओढा. दोन सेकंद पेटून विझला तर ठिणगी आहे, दाबही आहे, घोळ टाकी ते कार्बुरेटर या वाटेवर. मग तारेच्या आकड्याने फिल्टर बाहेर काढायचा, पाइप बोटाने वाकवून चिरा बघायच्या (इथेनॉलने जुना रबर कडक होतो), आणि शेवटी कार्बुरेटर उघडून पंपाच्या बाजूची बारीक जाळी. एक लहानसं कारण सगळे विसरतात: टाकीचा श्वास. झाकण जरा सैल केल्यावर नीट चालायला लागला तर हवेचं छिद्र बुजलंय. आणि कृपा करून कार्बुरेटरवरच्या, पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या त्या दोन स्क्रूंना हात लावू नका. पेट्रोल कमी, हवा जास्त झाली की मशीन तापून जातं.

माडाखाली
दोघांच्या भांडणात एक राहिलंच. टाकी उपडी करून ओतली म्हणजे झालं, असं लोक समजतात. कार्बुरेटरात थेंबभर राहतं, ते आटून चिकट राळ होते. माझ्या कटरच्या पुस्तिकेत दोन्ही लिहिलंय: टाकी रिकामी करा, आणि मग आपोआप बंद पडेस्तोवर चालवा. अर्धंच काम करणार असाल तर काकांचा भरलेला कटर परवडला.

निवृत्त_मिस्त्री
चला, निदान कुणीतरी!

सड्यावरचा
आज सकाळी टाकी काचेच्या बरणीत ओतली. थोडा वेळ तशीच ठेवली. वर हिरवं, ऑइलच्या रंगाचं, आणि खाली बोटभर बिनरंगी गढूळ थर. वास व्हार्निशसारखा. प्लग कोरडा होता. फिल्टर काळा पडलेला, तो बदलला. जाळी साफ केली, पडदा पोह्याच्या पापडासारखा झाला होता, तोही बदलला. ताजं मिक्स, लिटरला २० मिली ऑइल (डब्यावर ५०:१ लिहिलंय), पाचव्या ओढीला सुरू.
मिस्त्रीकाका, पाणी दुसरीकडून आलं हे तुमचं खरं निघालं. खुंटीच्या बरोबर वरचं कौल फुटलंय आणि झाकणाची रबरी रिंग चपटी झालीय.

निवृत्त_मिस्त्री
म्हणजे टाकी भरली हा गुन्हा नव्हता.

खाडीपलीकडे
रिकामी असती तर ते पाणी ओतून टाकता आलं असतं, काका.

दोन_गुंठे_राजा
ते बरणीतलं कुठे ओतलंत? माडाच्या बुंध्यात नाही ना?

सड्यावरचा
बरणी अजून पडवीतच आहे, झाकण लावून. कौल आधी बदलतो.