स्टिल्टमधली झाकलेली गाडी (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळपासून)

गोखले ताई बी-३०१: सेक्रेटरी साहेब, आज परत टँकर अर्धा तास गेटात अडकला. कारण सगळ्यांना माहीत आहे. बी विंगच्या कोपऱ्यातली ती झाकलेली वस्तू. माझ्याकडे सकाळी नऊपर्यंत पाणी नव्हतं.

अमोल बी-५०४: ताई, वस्तू नाही, गाडी आहे. आणि तिचं पार्किंग मी पैसे भरून घेतलंय. टँकरवाल्याने रिव्हर्समध्ये माझं पुढचं नाक फोडलं, ते कोणी बोलत नाही.

निखिल सी-६०१: अमोलदादा, तुझं की गाडीचं? 😂

देशपांडे काका ए-२०४: पाहुण्यांच्या पार्किंगचं मागच्या सभेत काय ठरलं, ते अजून लेखी आलेलं नाही.

सेक्रेटरी शिंदे: शांत रहा सगळे 🙏 अमोल, नोटीस लावली होती. प्रत्येक गाडीच्या विम्याची प्रत ३० तारखेच्या आत. तुमच्या दुसऱ्या गाडीची आलेली नाही.

अमोल बी-५०४: चार महिन्यांपूर्वी संपलाय. त्याचंच विचारायचं होतं. सॅन स्टॉर्म आहे, २००१ ची. ऑनलाइन जिथे जावं तिथे यादीत मॉडेलच नाही. एका कंपनीने फोनवर सांगितलं, पंधरा वर्षांवरची गाडी आम्ही घेत नाही. वर्षाला सहाशे किलोमीटर चालते हो. स्वस्तात कसा करायचा?

निखिल सी-६०१: सॅन काय? कोरियन आहे का?

अमोल बी-५०४: गोव्यात बनलेली आहे. फायबरची बॉडी, दोनच सीट, छत उघडतं, इंजिन रेनोचं ११४९ सीसी.

गोखले ताई बी-३०१: छत उघडतं म्हणून तर वरच्या पाइपाची गळती आमच्याच माथी मारली होती. विसरले नाही मी.

पाटील सी-१०३: अमोल, सोपं आहे. यादीतली अकराशे सीसीची कुठलीही गाडी टाका. नंबर तुमचाच राहतो. पॉलिसी दोन मिनिटांत, मी करून देतो.

कुलकर्णी काकू ए-१०२: पाटील, असलं काही सुचवू नका. उद्या क्लेम आला की सर्व्हेअर पहिल्यांदा आरसी बुक उघडतो. मॉडेल जुळलं नाही तर माहिती खोटी दिली म्हणून एक रुपया देणार नाहीत. ३१ वर्षं मी विमा कंपनीतच बसले आहे.

पाटील सी-१०३: काकू, तुमच्या वेळी वेगळं होतं.

कुलकर्णी काकू ए-१०२: आरसी बुक तेव्हाही तेच होतं.

देशपांडे काका ए-२०४: पाहुण्यांच्या पार्किंगचं काय ठरलं?

निखिल सी-६०१: अमोलदादा, विंटेज करून टाक ना. निम्मा विमा माफ असतो म्हणे.

कुलकर्णी काकू ए-१०२: निम्मी सूट थर्ड पार्टीवर आहे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या विम्यावर, पण विंटेज म्हणून नोंद झालेल्या गाडीला. त्यासाठी ५० वर्षं पुरी लागतात, २०२१ चा नियम आहे. हिला अजून निम्मीही झाली नसतील नाहीतर जेमतेम झाली असतील. शिवाय विंटेज नोंद झाली की रोज रस्त्यावर काढता येत नाही. अमोल, तुझी रोजची गाडी तुझ्याच नावावर आहे ना?

अमोल बी-५०४: हो काकू, दोन्ही माझ्याच.

कुलकर्णी काकू ए-१०२: मग ऐक. थर्ड पार्टीचा दर सरकारने ठरवलेला असतो, कंपनी कुठलीही असो. १००० ते १५०० सीसीला ₹ ३,४१६, वर १८ टक्के जीएसटी. ₹ ४,०३१ होतात. तिथे घासाघीस नाही. पैसे वाचतात ते मालकाच्या अपघात विम्यात. १५ लाखांचा तो विमा रोजच्या गाडीवर असेल तर दुसरीवर परत घ्यायचा नाही. २०१९ पासून तो वेगळा केलाय. एजंट गुपचूप जोडतात.

पाटील सी-१०३: सगळे एजंट नाही जोडत.

कुलकर्णी काकू ए-१०२: तुमचं नाव मी घेतलेलं नाही. आणि अमोल, रोजच्या गाडीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, इकडे आणायचा प्रयत्न करू नकोस. एक बोनस एकाच गाडीला. ५० टक्के साठलेत, ते तिथेच असू देत, तिथे हप्ता मोठा आहे. या गाडीचा जुना बोनस तर ९० दिवस उलटले तेव्हाच गेला.

माने सी-४०५: *(गुलाबाच्या फुलासह)* सुप्रभात, आजचा सुविचार

निखिल सी-६०१: माने काका, वेळ साधलीत.

अमोल बी-५०४: म्हणजे फक्त थर्ड पार्टीच घेऊ? एक सरकारी कंपनी पूर्ण विमा द्यायला तयार आहे, गाडी बघून. साधारण ₹ ७,९००. पण किंमत फक्त ९०,००० धरतात. माझे अडीच लाख गेलेत तिच्यावर.

गोखले ताई बी-३०१: अडीच लाख!! आणि लिफ्टच्या वर्गणीचे हप्ते पाडून मागितले होते.

अमोल बी-५०४: *हा मेसेज डिलीट केला आहे*

सेक्रेटरी शिंदे: विषयावर रहा कृपया.

देशपांडे काका ए-२०४: विषय पाहुण्यांच्या पार्किंगचाच होता.

कुलकर्णी काकू ए-१०२: पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवतात, घसाऱ्याचा तक्ता संपलेला असतो. कामाची बिलं आणि फोटो घेऊन शाखेत जा, एक लाख वीसपर्यंत ताणून बघ. अडीच विसर. आता हिशेब. फायबरवाल्याने नाकाचे किती सांगितले?

अमोल बी-५०४: १८,०००. बाहेरच्या बाजूला तडा, आतून जाळी सुटलीय. पिठासारखी पांढरी पूड पडते हात लावला की.

कुलकर्णी काकू ए-१०२: फायबरच्या भागावर ३० टक्के घसारा कापतात, गाडी कितीही जुनी असो. पत्र्याची असती तर दहा वर्षांवर ५० टक्के गेले असते. ५,४०० गेले, वर १,००० सक्तीचे तुझ्या खिशातून. १८,००० मधले ११,६०० मिळाले असते. थर्ड पार्टीपेक्षा जादाचा हप्ता ३,९००. तूच बघ.

निखिल सी-६०१: पण काकू, वर्षाला सहाशे किलोमीटरसाठी पूर्ण विमा?

पाटील सी-१०३: चालवाल तेवढाच हप्ता, अशी पण सोय आलीय २०२२ पासून. मालक एक, गाड्या दोन, तर एकच फ्लोटर पॉलिसीसुद्धा.

कुलकर्णी काकू ए-१०२: आलीय, बरोबर. पण ती पूर्ण विम्याच्या वरची सोय. जिथे मूळ पॉलिसीच देत नाहीत तिथे फ्लोटर काय करणार? आणि निखिल, ही गाडी चालताना मार खात नाही, उभी असताना खाते. स्लॅबचं प्लॅस्टर पडलं ते आठवा. गणपतीच्या मांडवाचा बांबू. आता टँकर. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत गाड्यांची टपं तेवढी दिसत होती, आणि आपल्या स्टिल्टमध्ये पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं. थर्ड पार्टीत पुराचा छदाम मिळत नाही. त्यावर आग आणि चोरी जोडून मिळते, पण पूर त्यातही नाही.

अमोल बी-५०४: त्या रात्री मी ती ढकलत चौकापर्यंत नेली होती, काकू.

गोखले ताई बी-३०१: आमच्या ह्यांनी पण ढकलली होती. कोणी आभार मानल्याचं आठवत नाही.

अमोल बी-५०४: ताई, खरंच राहिलं. काकांना सांगा 🙏

सेक्रेटरी शिंदे: टँकरवाल्याशी मी बोललो. तो म्हणतो, माझ्या विम्यातून घ्या.

कुलकर्णी काकू ए-१०२: थर्ड पार्टीचं नुकसान मागायला ट्रिब्युनलमध्ये अर्ज करावा लागतो. १८,००० साठी वकील लावणार का? त्यापेक्षा पुढच्या बिलांतून थोडे थोडे वळते करा. पाणी सोसायटी घेते, तुमचं तो ऐकेल.

देशपांडे काका ए-२०४: सोसायटीचा पैसा खासगी गाडीला कसा? हे सभेत यायला हवं. तसंच पाहुण्यांच्या पार्किंगचं.

सेक्रेटरी शिंदे: काका, दोन्ही घेऊ. लेखी.

निखिल सी-६०१: स्क्रीनशॉट काढला.

*(बुधवार)*

अमोल बी-५०४: पॉलिसी आली. किंमत १,१०,००० वर आणली. अपघात विमा खरंच जोडला होता, काढायला लावला. गाडी बघायला आलेल्या माणसाने वीस मिनिटं फोटोच काढले, अर्धे स्वतःचे. प्रत सेक्रेटरींना पाठवली.

कुलकर्णी काकू ए-१०२: छान. आरसी कधीपर्यंत आहे? नोंदणी संपलेली असली की कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं.

अमोल बी-५०४: पुढच्या महिन्यात संपते 😐

कुलकर्णी काकू ए-१०२: ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाचे १०,००० आहेत. पर्यावरण कर वेगळा.

अमोल बी-५०४: म्हणजे विम्यापेक्षा जास्त.

गोखले ताई बी-३०१: टँकर गेटात आलाय. गाडी दोन फूट मागे घ्या.

अमोल बी-५०४: बॅटरी उतरलीय. दोघं जण या धक्का मारायला.

निखिल सी-६०१: आलो. कुठून ढकलायची?

कुलकर्णी काकू ए-१०२: नाकाला हात लावू नका. तीस टक्के.