कूलरच्या खोलीतील बेस गिटार: फ्रेट घासून घ्यावेत का? शिवाय दुसरे कॅबिनेट जोडण्याविषयी

प्रश्न
खर्जस्वर (इंदोरा, नागपूर)

नमस्कार मंडळी. मी गेली नऊ वर्षे भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. माझी बेस चार तारांची, जॅझ बेसच्या घडणीची आणि पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेली) आहे. नेक मेपलची, फिंगरबोर्ड रोझवुडचा, स्केल ३४ इंच आणि तारांचा संच ४५ ते १०५ चा. जुनी विकत घेतली असली तरी पाच वर्षांत तिने मला कधी त्रास दिला नव्हता.

१४ एप्रिलच्या आसपासचे कार्यक्रम व्यवस्थित पार पडले. त्यानंतर मे महिन्यात घरी कूलर सुरू झाला आणि दोन आठवड्यांच्या आत ई आणि ए या जाड तारा पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झणझणू लागल्या. सातव्या फ्रेटच्या पुढे स्वर स्वच्छ येतात आणि मोकळ्या तारांनाही काही आवाज नाही. नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोके बोटाला टोचतात, ती पूर्वी टोचत नव्हती. एका दुकानात दाखवली असता त्यांनी पाच मिनिटे पाहून सांगितले की सर्व फ्रेट घासून समतल करावे लागतील आणि नटही (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बदलावा लागेल. घासलेला धातू परत येत नाही, म्हणून मी बेस तशीच घरी आणली.

दुसरा प्रश्न कॅबिनेटचा आहे. माझा हेड (स्पीकरशिवायचा ॲम्प्लिफायर) ट्रान्झिस्टरचा आहे. त्याच्या पाठीवर ३०० वॅट आणि किमान ४ ओहम असे छापलेले आहे. त्याला मी दहा इंची चार स्पीकरचे ८ ओहमचे कॅबिनेट लावतो. मोकळ्या मैदानावर खालचा ई ऐकूच येत नाही, अशी गायकांची तक्रार असते. एका परिचिताकडे पंधरा इंची एका स्पीकरचे, ४ ओहमचे, स्थानिक सुताराने बनवलेले कॅबिनेट स्वस्तात मिळत आहे. ते सोबत जोडता येईल का? माझ्या सध्याच्या कॅबिनेटमधूनही ए तारेवरचे खालचे स्वर वाजवताना फर्र असा आवाज येतो, पण स्पीकर फाटलेला दिसत नाही. आणि बेसचा एकच पिकअप (तारांची कंपने पकडणारी चुंबक-गुंडाळी) उघडा ठेवला की गुणगुण येते. दोन्ही पूर्ण उघडले की ती थांबते. बुद्धपौर्णिमेचे कार्यक्रम आटोपले असल्यामुळे आता हाताशी वेळ आहे आणि जे करायचे ते नीट करावे अशी इच्छा आहे.

उत्तर
परदेवाला (धरमपेठ, नागपूर)

फ्रेट घासू नका आणि नट तर मुळीच बदलू नका. आपण दिलेल्या वर्णनातच याचे कारण आहे. तार फ्रेटवर दाबली की ती त्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंतच कंप पावते. नट त्या हिशेबातून बाहेर पडतो. मोकळ्या तारा स्वच्छ वाजत आहेत आणि दाबलेले स्वर झणझणत आहेत, याचा अर्थ नट निर्दोष आहे. पहिल्या पाच फ्रेटवर झणझण आणि वर स्वच्छता, हे नेक गरजेपेक्षा सरळ झाल्याचे किंवा किंचित मागे वाकल्याचे लक्षण आहे. नेकला पुढच्या बाजूने अगदी थोडा खोलगट वाक लागतो, कारण कंप पावणारी तार मधोमध सर्वांत जास्त हलते आणि तिला तेवढी जागा हवी असते. चार तारा मिळून नेकवर साधारण ७० ते ८० किलोचा ताण देतात, नेकच्या आतली धातूची सळई, म्हणजे ट्रस रॉड, त्याच्या विरुद्ध ओढते आणि या दोघांच्या मध्ये लाकूड असते. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे बदलले की हा तोल बिघडतो.

आपल्याकडचा उन्हाळा यासाठी विशेष वाईट आहे. मी माझ्या खोलीत आर्द्रतामापक ठेवला आहे. नवतपात दुपारी कूलर बंद असताना तो १८ ते २० टक्के दाखवतो आणि कूलर चालू करून तासभर झाला की काटा ६५ च्या पुढे जातो. रात्री टाकीतले पाणी संपले, नुसता पंखा फिरत राहिला की पहाटेपर्यंत पुन्हा ३० च्या खाली येतो. गिटारला ४० ते ५५ टक्क्यांची स्थिर हवा मानवते. नुसता कोरडेपणा किंवा नुसता ओलावा एकवेळ चालतो, पण दिवसातून दोनदा असा झोका कोणत्याही लाकडाला सोसत नाही. कोणती नेक कोणत्या दिशेला वाकेल हे तिच्या लाकडावर आणि कापावर अवलंबून असते, म्हणून अंदाजाने काही करू नये, मोजावे.

मोजण्यासाठी मोटारसायकलचे टॅपेट लावताना वापरतात ते फीलर गेज घ्या. बेस सुरात लावून वाजवण्याच्या स्थितीत धरा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यामधली फट मोजा. ती ०.३ मिलिमीटरच्या जवळपास असावी. आपली फट जवळजवळ शून्य निघेल असे मला वाटते. तसे निघाल्यास ट्रस रॉडचा नट (हा फिरवायचा नट, तारांखालचा नव्हे) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा, तारा पुन्हा सुरात लावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. एका दिवसात पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. पाना त्या नटमध्ये घट्ट बसणाराच हवा. ढिला पाना फिरवून आतला षट्कोन गोल झाला की दुरुस्ती फार महाग पडते. फट जमल्यावरच ब्रिजच्या सॅडलला (तारेची उंची ठरवणाऱ्या तुकड्याला) हात लावा. सतराव्या फ्रेटवर ई तार सुमारे २.४ मिलिमीटर आणि जी तार २ मिलिमीटर उंच असली की बहुतेकांच्या हाताला बरी वाटते. जोरात वाजवत असाल तर थोडी अधिक ठेवा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण माझ्या पहिल्या बेसचे फ्रेट मी अशाच एका उन्हाळ्यात घासून घेतले होते. आषाढात पाऊस लागला, नेक आपोआप पूर्वीच्या जागी आली आणि माझ्याकडे विनाकारण ठेंगणे झालेले फ्रेट उरले. दोन वर्षांनी सगळे फ्रेट नवे बसवावे लागले.

टोचणाऱ्या टोकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. रोझवुड आकसल्यामुळे ती बाहेर आली आहेत. ती आत्ताच, म्हणजे लाकूड सर्वांत आकसलेले असताना, बारीक कानशीने तिरकी घासून घेतली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टोचत नाहीत. फिंगरबोर्डला खनिज तेलाचा अगदी हलका हात द्या आणि दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने पुसून घ्या. खोबरेल लावू नये, ते खवट होते. घरोघरी जवसाचे तेल असते म्हणून काहीजण तेही लावतात. पण जवसाच्या तेलाचा चोळामोळा करून टाकलेला बोळा आपसूक तापून पेट घेऊ शकतो आणि मे महिन्यातल्या नागपुरात हा धोका घेऊ नये.

उत्तर
प्लायवुड अठरा एमएम (लकडगंज, नागपूर)

नेकविषयी वर सविस्तर आलेच आहे. मी कॅबिनेटविषयी लिहितो, कारण तिथे हेड जळण्याची शक्यता आहे.

८ ओहम आणि ४ ओहम समांतर जोडले की ३२ भागिले १२, म्हणजे सुमारे २.७ ओहम होतात. आपल्या हेडची मर्यादा ४ ओहमची आहे. घरी हळू आवाजात ते चालेलही. पण ४४ अंशांच्या उन्हाळ्यात, रात्री दहापर्यंत तापलेल्या मंचावर, पूर्ण आवाजात ते चालवणे म्हणजे आउटपुटचे ट्रान्झिस्टर पणाला लावणे होय. दुसरे असे की, समांतर जोडणीत कमी ओहमच्या कॅबिनेटकडे जास्त शक्ती जाते. म्हणजे दोन तृतीयांश शक्ती त्या एकट्या पंधरा इंची स्पीकरकडे जाईल आणि आपले चार स्पीकर एक तृतीयांशावर वाजतील. त्यामुळे ते कॅबिनेट फुकट मिळाले तरी या हेडसोबत घेऊ नका. ८ ओहमचे दुसरे कॅबिनेट मिळाल्यास बरोबर ४ ओहम होतील, आणि तेही आपल्या कॅबिनेटसारखेच दहा इंची असेल तर उत्तम. वेगवेगळ्या जातीची कॅबिनेट काही स्वरांवर एकमेकांना मारतात. विकत घेताना मल्टिमीटर सोबत न्या. ८ ओहमच्या कॅबिनेटला मीटर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, कारण तो फक्त तारेचा डीसी रोध मोजतो. तीनच्या आसपास दाखवले तर ते ४ ओहमचे आहे, पाठीवर काहीही लिहिलेले असो. जोडणीसाठी गिटारची शील्डवाली केबल वापरू नये. तांब्याची दुपदरी, किमान दीड चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी.

आता मैदानाविषयी. मोकळ्या तारेच्या खालच्या ई ची कंपनसंख्या ४१.२ हर्ट्झ आहे, म्हणजे हवेतील एकेक लहर आठ मीटरपेक्षा लांब. खोलीत भिंती तिला परत फेकतात, मैदानात ती निघून जाते. श्रोत्यांपर्यंत ती पोहोचवणे हे मंचावरच्या कॅबिनेटचे काम नाहीच. हेडच्या डीआय आउटपुटमधून (मिक्सरला थेट सिग्नल देणाऱ्या जोडणीतून) मिक्सरला लाइन द्या आणि मोठ्या सबवूफरना ते करू द्या. कॅबिनेट आपल्याला आणि ढोलकीवाल्याला ऐकू येण्यासाठी आहे. ॲम्पेगने १९६९ मध्ये ३०० वॅटचा व्हॉल्व्हचा हेड आणि दहा इंची आठ स्पीकरची बंद कॅबिनेट आणली तीदेखील मोठ्या मंचांसाठीच होती, आणि ते एकेक कॅबिनेट उचलायला दोन माणसे लागतात. आपल्या गाडीत काय मावते तेही पाहावे.

फर्र आवाजाचे कारण बहुधा हवेची गळती आहे. उन्हाळ्यात प्लाय आकसतो, स्पीकरच्या कडेची गॅस्केट वाळते आणि स्क्रू सैल पडतात. हे शोधायला मी अगरबत्ती वापरतो. खोलीतला पंखा आणि कूलर बंद करून एका माणसाला तो त्रास देणारा स्वर सतत वाजवायला सांगायचा आणि अगरबत्ती पेटवून कॅबिनेटच्या प्रत्येक सांध्याजवळून, मुठीजवळून, जॅकच्या पत्र्याजवळून सावकाश फिरवायची. धुराची सरळ रेघ जिथे एकदम थरथरते, तिथे गळती. पोर्ट (हवेसाठी मुद्दाम ठेवलेले भोक) असेल तर तिथे धूर हलणारच, ते सोडून द्यायचे. स्पीकरचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, हाताने घट्ट करावेत. ड्रिल मशीनने आवळले की प्लायमधला टी-नट (स्क्रू ज्यात बसतो तो आतला नट) फिरतो.

कधी नवे कॅबिनेट बनवायचे ठरवलेच, तर एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) मोहात पडू नका. ते जड असते, कोपरे आपटले की फुटते आणि पावसात फुगते. आयएस ७१० चा (मरीन दर्जाचा) अठरा एमएमचा प्लाय टिकतो, पण आठ बाय चारची एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते हे लक्षात असू द्या. आणि पेटीचे माप स्पीकरच्या थील-स्मॉल आकड्यांवरून (स्पीकरचे गुणधर्म सांगणाऱ्या मापांवरून) काढावे, दुसऱ्याच्या पेटीवरून नाही. त्या पंधरा इंची कॅबिनेटबद्दल माझी मुख्य शंका तीच आहे.

उत्तर
तिसरी पिन (वर्धमाननगर, नागपूर)

गुणगुण हा दोष नाही. १९६० च्या मूळ जॅझ बेसमध्येही दोन पिकअप उलटसुलट गुंडाळलेले असल्यामुळे दोन्ही सारखे उघडले की गुणगुण एकमेकांत मिटते आणि एक कमी केला की परत येते. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल, तर ब्रिजखालची अर्थची वायर ठीक आहे. पिकअपच्या आणि पॉटच्या (आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाच्या) खाचेत तांब्याची टेप लावून ती अर्थला झाळली की बराच फरक पडतो.

मात्र हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल, किंवा माइकला ओठ लागताच झिणझिण्या येत असतील, तर वाजवणे त्याच क्षणी थांबवा. आपल्या तारा हेडच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि माइक मिक्सरच्या अर्थला. मांडवात जनरेटरवर एका बोर्डला अर्थिंग असते, दुसऱ्याला नसते, आणि मधला पूल आपण होतो. मी प्रत्येक मंचावर आधी टेस्टरने माइकची जाळी तपासतो आणि मिक्सर व हेड एकाच बोर्डवरून घ्यायला लावतो. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. ते कृपया कधीही करू नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
खर्जस्वर (इंदोरा, नागपूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. फट मोजली, ती ०.०५ मिलिमीटर निघाली. पाव-पाव फेरा दोन दिवस सैल केला, आज ०.२८ आहे आणि ई तारेची झणझण पूर्ण थांबली आहे. ए तारेवर फक्त तिसऱ्या फ्रेटवरचा स्वर अजून थोडा खरखरतो. चार क्रमांकाच्या फ्रेटचे टोक बोटाने दाबले की ते खाली जाते आणि सोडले की वर येते, म्हणजे तो एकच फ्रेट उचलला गेला आहे. बेस आता कूलरच्या झोताबाहेर, आतल्या खोलीत हार्डकेसमध्ये ठेवतो.

अगरबत्तीचा धूर डाव्या मुठीच्या खालच्या स्क्रूजवळ हलला. मूठ काढून पाहिली तर आतली फोमची पट्टी भुगा झाली होती. नवी पट्टी लावल्यावर फर्र आवाज गेला. पंधरा इंची कॅबिनेट घेणार नसल्याचे परिचिताला कळवले आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, त्यामुळे टेप मागवली आहे.

उत्तर
परदेवाला (धरमपेठ, नागपूर)

उचललेला फ्रेट घासायचा नसतो, बसवायचा असतो. सागाचा छोटा ठोकळा फ्रेटवर ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. नेकच्या पाठीमागे जाड कापडाची घडी हवी. खाली बसला की टोकाच्या खाचेत पातळ सुपरग्लूचा एकच थेंब सोडून तासभर क्लॅम्प तसाच राहू द्या, आणि त्याआधी आजूबाजूच्या लाकडावर टेप चिकटवा. ट्रस रॉड आता फिरवू नका. पाऊस लागून पंधरा दिवस झाले की त्याच फीलर गेजने पुन्हा मोजा, फट ०.४ च्या पुढे गेली असेल तर पाव फेरा परत घट्ट करावा लागेल. दोन्ही वेळची मापे केसच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा.