सीव्ही किती पानांचा? तुमचा अनुभव सांगा

सीव्ही एका पानात बसवावा की जास्त चालतात, यावर सल्ले भरपूर मिळतात. इथे अनुभव लिहूया: क्षेत्र कोणतं, पानं किती, आणि कापाकापीत काय उडवलंत?

सुरुवात माझ्यापासून. सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं झाली, सीव्ही दोन पानी. शेवटच्या दोन नोकऱ्यांनी पहिलं पान व्यापलंय, त्याआधीच्या प्रत्येकीला एकेक ओळ. शाळेचे गुण आणि 'छंद : वाचन, संगीत' दोन्ही गेले.

*

मी टेबलाच्या पलीकडची, अर्ज चाळणारी. पहिल्या फेरीत सीव्ही कुणी वाचत नाही, नुसती नजर फिरते : सध्याचं पद, कंपनी, तारखा, शिक्षण. हे वरच्या अर्ध्या पानात सापडलं तर मी पुढे जाते. तिसरं पान आहे म्हणून कुणाला नाकारलेलं नाही, पण महत्त्वाचं काम तिथे दडलं असेल तर ते दिसायचं राहतं. आणि एका पानाच्या हट्टापायी आठच्या टाइपात, समास खाऊन कोंबलेले सीव्ही! त्यापेक्षा सरळ दोन पानं द्या. अक्षर दहा-अकराच्या खाली नको.

*

फ्रेशर. एकच पान, तेही भरताना घाम फुटला. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये माझा वाटा नेमका कोणता ते सविस्तर लिहिलं. कौशल्यांत ऐकीव नावं घातली नाहीत, कारण प्रश्न तिथूनच निघतात. निघालेही.

*

संशोधनात हे हिशेब चालत नाहीत. शोधनिबंध, परिषदा, शिकवलेले विषय, अनुदानं सगळं द्यावं लागतं; सीव्ही दरवर्षी वाढतो आणि कुणी नाक मुरडत नाही. कंपन्यांसाठी मात्र माझी वेगळी दोन पानी प्रत आहे. तिच्यात निबंध फक्त निवडक, आणि प्रयोगशाळेतली यंत्रं हाताळल्याचं वर घेतलंय. बोलावणी आली ती या प्रतीवर.

*

जाहिरात नीट वाचा, एवढंच. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकऱ्यांना पूर्वी चार-पाच पानी रेझ्युमे सर्रास चालत. २०२५ पासून मर्यादा दोन पानांची.

*

त्यावरून आठवलं, कागदाचं मापही बघा. ए४ असतो २१० × २९७ मिमी, तिकडचा लेटर साधारण २१६ × २७९. म्हणजे उंचीला कमी. ए४वर काठोकाठ बसवलेली वर्ड फाइल लेटरवर घेतली की शेवटच्या ओळी पुढच्या पानावर. पीडीएफ पाठवली तर निदान ओळी हलत नाहीत.

*

बांधकाम, साइटवरचा माणूस. आमच्याकडे प्रकल्पच बोलतात, ते दोन पानांत कसे मावणार? मी सीव्ही दोन पानी ठेवतो आणि प्रकल्पांची यादी वेगळी जोडतो : काम, आकारमान, माझी जबाबदारी. अर्ज चाळणाऱ्या ताईंना विचारायचं होतं, अशी जोडपत्रं उघडता का?

*

पहिल्या फेरीत नाही. मुलाखतीला बोलवायचं ठरलं की तांत्रिक पॅनेलकडे जातात, आणि ते लोक सीव्हीआधी यादीच उघडतात. सीव्हीत 'यादी सोबत जोडली आहे' अशी ओळ मात्र टाका.