मदत हवी आहे: लेकीच्या आठवणवहीचं पहिलं पान

आमची लेक 'कारा'मार्फत (केंद्र सरकारचं दत्तक प्राधिकरण) दत्तक घेतलेली, आता तिला पाचवं लागलंय. तिच्यासाठी आठवणवही करतेय. संस्थेतून आली तेव्हा अंगात असलेलं पिवळं झबलं, दत्तक आदेशाची झेरॉक्स, आजीचं पत्र, सगळं जमवलंय. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो पिवळे पडतात, शिवाय मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी. अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेला, लवकर पिवळा न पडणारा) कागद अब्दुल रेहमान स्ट्रीटवर सुटा मिळतो का? झबलं गोंदाने नको, टाके घालू का?

खरं अडलंय पहिल्या पानाशी. तिच्या जन्मदात्रीबद्दल आम्हाला जवळजवळ काहीच माहीत नाही. तरी वही आमच्या घरापासून सुरू व्हावी असं मला मुळीच वाटत नाही, तिचं आयुष्य त्याआधीचं आहे. तुम्ही तिथे काय लिहिलंत? धाकटा दुपारी झोपतो तेवढाच वेळ मिळतो, तेव्हा सुटसुटीत काहीतरी सुचवा.