वर फ्लश केला की खालच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं – मदत हवी आहे

जुनं दुमजली घर आहे, सांडपाण्याचा उभा पाइप बिडाचा, १०० मिमीचा. वरच्या संडासात फ्लश केला की खालच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात गुडगुड आवाज येतो, ट्रॅपमधलं (मोरीच्या जाळीखाली साठून गटाराचा वास अडवणारं) पाणी खाली उतरतं आणि थोड्या वेळाने गटाराचा वास सुटतो. तांब्याभर पाणी ओतलं की वास थांबतो, पुढच्या फ्लशला पुन्हा तेच. घरात लहान मूल आहे, त्यामुळे हे असंच चालू ठेवायचं नाही.

बाहेरचा चेंबर उघडून पाहिला. पाणी सरळ वाहतं, तुंबलेलं नाही. उभ्या पाइपमधून तुंबलेलं काढायची स्प्रिंग फिरवून झाली. गच्चीवरच्या व्हेंटच्या (सांडपाण्याच्या पाइपात हवा येण्या-जाण्याच्या नळीच्या) तोंडावरची जाळी साफ केली, त्यात पक्ष्याच्या घरट्याच्या काड्या होत्या. आवाज जरा कमी झाला, पण ट्रॅप अजून रिकामा होतोच. ट्रॅप ५० मिमी सीलचा (म्हणजे वास अडवणारं पाणी ५० मिमी खोल राहतं असा), नवाच आहे. त्याला वेगळा व्हेंट पाइप मात्र नाही, आणि तो उभ्या पाइपपासून बराच लांब आहे. मला दोष तिथेच वाटतो.

भिंती दगडी आहेत, आतून फोडता येणार नाहीत. बाहेरून पाइप नेता येईल.

प्लंबर एकतर्फी हवेचा व्हॉल्व्ह सुचवतो. पण तो फक्त हवा आत घेतो, उलटा दाब आला तर सोडत नाही ना? मग ट्रॅपजवळ हा व्हॉल्व्ह पुरेल, की बाहेरून स्वतंत्र व्हेंट पाइप गच्चीपर्यंत न्यावाच लागेल? न्यायचा तर किती मिमीचा?