"दोनचार वेळा गर्दीत न्या, सवय होते" हा सल्ला मुलांचं नुकसान करतो

दीपस्तंभ:
"सणाच्या गोंगाटात कान झाकून दिले तर मूल जन्मभर घाबरट राहील, दोनचार वेळा गर्दीत उभं करा, आपोआप सवय होते." काल हे वाचलं आणि त्याखाली लोकांनी माना डोलावलेल्या पाहिल्या. गप्प बसवत नाही.

काही मुलांच्या कानाला अचानक आलेला दणका नुसता मोठा वाटत नाही, तो दुखतो. २०१३ मध्ये डीएसएम-५ ने, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने, ऑटिझमच्या निकषांत संवेदनांना मिळणारा अति किंवा अत्यल्प प्रतिसाद घातला, तो काही लाडापायी नव्हे. जबरदस्तीने उभं केलेलं मूल एवढंच शिकतं की इथून सुटका नाही. पुढच्या वेळी ते आवाज सुरू होण्याआधीच, नुसता ढोल दिसला तरी रडायला लागतं.

सवय लावायचीच तर घरी लावा, तीनेक आठवडे आधीपासून. रेकॉर्ड केलेला आवाज जेमतेम ऐकू येईल इतका ठेवा, रोज पाच मिनिटं, आणि व्हॉल्यूमचं बटण मुलाच्या हातात द्या. मुलाने आवाज कमी केला तर कमीच राहू द्या. बहुतेक घरांत इथेच घोळ होतो: तिसऱ्या दिवशी मूल शांत बसलेलं दिसलं की मोठी माणसं गुपचूप आवाज वाढवतात, आणि तिथून पुढे त्या बटणावर त्याचा विश्वास उरत नाही.

रातकिडा:
जबरदस्ती चूक, हे मान्य. पण "कान झाकून दिले तर" या अर्ध्या वाक्याला तुम्ही बगल दिलीत. दिवसभर कान झाकलेले ठेवले की संवेदनशीलता वाढते. फॉर्म्बी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हेच दाखवलं: दोन आठवडे इअरप्लग वापरलेल्या प्रौढांना तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले, आणि सतत मंद आवाज ऐकवलेल्यांना कमी मोठे. घरात, गाडीत, जेवताना इअरमफ, म्हणजे कान झाकणारे कप, चढवून बसवणं ही मदत नाही. शिवाय तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ढोलाचा छातीत बसणारा ठोका कुठे असतो? मोबाईलच्या स्पीकरमधून तो येतच नाही. घरी शांत बसलेलं मूल मग मैदानात कोसळतं.

दीपस्तंभ:
ठोक्याचा मुद्दा बरोबर आहे, माझ्याकडून राहिला. खरं वाद्य लांबून ऐकवायला हवं, शक्य असेल तर पहिली काठी मुलाच्याच हातात द्यावी. स्वतः वाजवलेला ठोका कधी येणार हे आधीच माहीत असतं, म्हणून तो सोसतो. पण मफ दिवसभर घाला असं मी कुठे लिहिलंय? न लिहिलेलं माझ्या तोंडी घालू नका.

उंबरठा:
मफबिफ कशाला? नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्या, विषय संपला.

रातकिडा:
विषय अजिबात संपत नाही. ते तंत्र येणाऱ्या आवाजाला विरुद्ध लाट सोडून तो दाबतं, म्हणून पंखा, इंजिन, घरघर अशा सलग, खालच्या पट्टीच्या आवाजावर चालतं. फटाक्याचा स्फोट क्षणात होऊन जातो, त्याला विरुद्ध लाट तयार करायला वेळच मिळत नाही. तिथे उपयोगी पडते ती नुसती गादी आणि कप, म्हणजे साधे इअरमफ.

उंबरठा:
साध्या मफवर २४ डेसिबल आवाज कमी होतो असं छापलेलं असतं आणि मूल तरी रडतंच. मग तो आकडा काय कामाचा?

रातकिडा:
तो आकडा प्रयोगशाळेतला आहे. अमेरिकेच्या नायॉशने, म्हणजे कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९८ मध्येच सांगितलं की मफच्या छापील आकड्यातून पाव भाग वजा करा. २४ चे १८ धरा. त्यातही चष्म्याची काडी गादीखाली गेली की फट पडते. टोपीची कड, वेणी, कानामागची बट, सगळ्यांचं तेच. मफ घातल्यावर गादीच्या कडेने बोट फिरवून बघा. चष्मा हवाच असेल तर पातळ काडीचा घ्या. आतून प्लग आणि वरून मफ लावले तरी साधारण पाचच डेसिबल जास्त मिळतात, दोन्हींची बेरीज होत नाही. लहानग्यांना फोमचे प्लग तर देऊच नका, काढून तोंडात घालतात.

पाणवठा:
अर्धं पान मफवर गेलं! मुलांनीच का बदलायचं? आवाज कमी करा ना. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात मुलांसाठी क्षणिक आवाजाची कमाल मर्यादा १२० डेसिबल आहे, प्रौढांसाठी १४०. मुलांचा आकडा वेगळा आहे हे किती आयोजकांच्या गावी असतं?

उंबरठा:
आयोजक ऐकत नाहीत. तोवर मुलाला घरी कोंडायचं का?

पाणवठा:
कोंडा असं कोण म्हणतंय? लांब उभे राहा. उघड्यावर एका स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल उतरतात. पाच मीटरवरून वीसवर गेलात तर बारा.

दीपस्तंभ:
उघड्यावर, हे अधोरेखित करा. दोन्ही बाजूंना भिंती असल्या की आवाज आपटून परत येतो आणि स्पीकरची रांग असली तरी इतका उतरत नाही. म्हणून बोळ टाळा, मैदानाच्या कडेला थांबा. आवाज कमी करायला लावण्याबद्दल माझं दुमत नाही, फक्त त्याची वाट बघत यंदाचा सण घालवू नका.

रातकिडा:
आणि निघायचं कधी? यावर कोणीच बोलत नाही. मूल रडेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. बोटं कानाकडे जाणं, एकाच जागी उड्या, विचारलेल्याला उत्तर न देणं, ही पहिली लक्षणं. तेव्हा बोलणं सुचत नाही, म्हणून "चल" साठी हाताची एक खूण घरीच ठरवा. खूण झाली की लगेच निघा. "अजून पाचच मिनिटं" एकदा जरी म्हणालात तरी ते मूल पुन्हा खूण करणार नाही.

दीपस्तंभ:
हे मात्र शंभर टक्के मान्य. फक्त एक भर: निघाल्यावर "काय झालं, का रडलास" विचारत बसू नका. अंधारी खोली, पाणी, हवी असेल तरच घट्ट मिठी. हळुवार थोपटणं टाळा, बऱ्याच मुलांना तेच जास्त टोचतं. आणि नवे कपडे आधी दोनदा धुवून, मानेचं लेबल उसवून ठेवा. खाज घेऊन मैदानात गेलेल्या मुलाचा अर्धा धीर आवाजाआधीच संपलेला असतो.