फुजीच्या जीएफएक्स कॅमेऱ्यावर जुनी मॅन्युअल लेन्स लावली तर कुणाच्या पोटात का दुखावं?

माचीवरचा (सातारा)
कालच्या धाग्यात ‘स्टुडिओवाले’ जाता जाता एक पिंक टाकून गेले: "लाखांची मिडियम फॉरमॅट बॉडी घ्यायची आणि वर पन्नास वर्षांपूर्वीची भंगार लेन्स बसवायची, हे फोटोग्राफर नव्हेत, जुन्या बाजारातले हौशे." तिथंच भांडत बसलो असतो तर त्या बिचाऱ्याचा लाइटिंगचा धागा नासला असता, म्हणून वेगळा काढतोय.

तर मी तो हौशा. सेकंडहँड जीएफएक्स ५०आर (मिडियम फॉरमॅट, म्हणजे ३५ एमएमच्या चौकटीहून मोठा सेन्सर) आणि तिच्यावर पेंटॅक्स ६७ ची १०५ एमएम एफ २.४. तिच्या जी माउंटचं फ्लँज अंतर (लेन्स बसते ती कड ते सेन्सर) २६.७ मिलिमीटर, पेंटॅक्स ६७ चं ८४.९५. मधे अठ्ठावन्न मिलिमीटरची पोकळी, तेवढं एक नळकांडं, म्हणजे ॲडॅप्टर, घालायचं की झालं. आत काच नाही, वायर नाही, बिघडायचं काय? लेन्स घडवलीय ६×७ सेंटिमीटरच्या निगेटिव्हसाठी आणि सेन्सर ४३.८×३२.९ मिलिमीटर, म्हणजे कडा बाहेरच राहतात, वापरात येतो तो चांगला मधला भाग. फुल फ्रेमच्या (३५ एमएम) हिशेबात साधारण ८३ एमएमची लेन्स.

कास पठारावर सीतेची आसवं ही फुलं काढून बघा ऑटोफोकसनं. देठ दोऱ्याएवढा, वारा थांबत नाही, आणि चौकट फुलावरून घसरून मागच्या गवतावर जाऊन बसते. मी मागं एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे जवळचा फोकस देणारी पोकळ नळी, लावतो (ही लेन्स मीटरभराच्या अलीकडं येत नाही), रिंग एकदा ठरवतो आणि हात काढून घेतो. फूल डुलत परत जागेवर आलं की शटर. यात भंगार काय आहे ते सांगा.

स्टुडिओवाले (सांगली)
सांगतो. सावकाश वाचा.

भंगार मी मुख्यतः नळकांड्याला म्हणालो. "बिघडायचं काय" म्हणे! स्वस्तातल्या ॲडॅप्टरची दोन तोंडं समांतर नसतात. डावी कड शार्प, उजवी कड झोपलेली, आणि तुम्ही त्याला लेन्सचं ‘कॅरेक्टर’ म्हणता. शिवाय इन्फिनिटी (अगदी लांबचा फोकस) हमखास मिळावी म्हणून ते मुद्दाम जरा आखूड बनवतात. मग रिंगवरचे अंतराचे आकडे नुसते शोभेला. आणि ६७ च्या लेन्सचा प्रकाश सेन्सरच्या बाहेर जो सांडतो तो कुठं जातो? नळकांड्याच्या भिंतीवर आपटून परत आत. कॉन्ट्रास्ट गेला. तोही तुमच्या भाषेत ‘जुन्या काचेचा मऊपणा’.

तुमची बॉडी ५० ची आहे म्हणून झाकलं जातंय. १०० मेगापिक्सेलला पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. फिल्म स्वतःच कधी पूर्ण सपाट नसायची, तिथं हे सगळं खपून जायचं. इथं नाही खपत.

आता धंद्याचं. आमच्या टीममधल्या एका पोरानं हट्टानं मामिया ६४५ ची ८० एमएम एफ १.९ लग्नाला आणली. अंतरपाट खाली आला, नवरीनं मान वर केली, साहेबांनी पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) बघून शटर दाबलं. स्क्रीनवर लाल रेघा नुसत्या चमचमत होत्या. घरी येऊन बघतो तर मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजून घ्यावा आणि डोळे मेणाचे. पीकिंगला डोळा कळत नाही, त्याला चमकतं ते कळतं. तो क्षण परत आणून देणार आहे का तुमची १०५?

कराडकर
स्टुडिओवाल्यांना +१. जुन्या लेन्सवाल्यांचे फोटो कधी दिसत नाहीत, दिसतात ते लेन्सचेच फोटो. लाकडी टेबल, शेजारी चहाचा कप.

तंतुवाद्य (मिरज)
दादा, लग्न म्हणजेच फोटोग्राफी हे कुणी ठरवलं?

मी इथल्या सतारमेकरांसाठी वाद्यांचे फोटो काढते. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून सगळ्यांनाच नीट कॅटलॉग हवाय. जीएफएक्स १००एस, ट्रायपॉड, मामिया ६४५ ची १२० मॅक्रो एफ ४. तंबोऱ्याची घोडी (तारा टेकतात तो तुकडा) समोरून काढायची असते. जवारी (तारेची गुंजन) काढताना कानशीनं घासलेला तो उतार, त्यावर तार टेकते ती रेघ, आणि खाली सरकवलेला दोरा, एवढंच फ्रेममधे. ऑटोफोकस पहिल्यांदा पुढची तारच पकडतो, कारण तीच झळकते. मला तारेमागची घासलेली जागा हवी असते. स्क्रीन मोठी करायची, रिंग केसभर फिरवायची. जुन्या लेन्सची रिंग बरीच फिरते, म्हणून केसभर म्हणजे खरंच केसभर हलते. फोकस बाय वायरच्या (फिरवली की नुसता मोटरला इशारा देणाऱ्या) रिंगवर तो अंदाज माझ्या हाताला बसत नाही.

पीकिंग मी बंदच ठेवते. तेवढं स्टुडिओवाल्यांचं बरोबर आहे.

स्टुडिओवाले (सांगली)
ताई, तंबोरा लाजत नाही, पळत नाही, त्याची मावशी मधे येत नाही. तुमच्या कामाला मॅन्युअल चालतं, मान्य. त्या कामाला पिनहोलही चालेल.

तंतुवाद्य (मिरज)
पिनहोलनं दोरा काढून दाखवा, सतार माझ्याकडून.

धुक्यातला (पाचगणी)
काच जुनी का नवी ते राहू द्या. आमच्याकडं जून ते सप्टेंबर जो प्रश्न असतो त्यावर कुणी बोलत नाही. बुरशी! ऑनलाइन जुनी लेन्स घेणारे नव्वद टक्के लोक टॉर्च मारून बघत नाहीत. मागून उजेड टाका, ॲपर्चर पूर्ण उघडा, कोळिष्टकासारखं काही दिसलं की परत पाठवा. ती नुसती घाण नसते, तिचं आम्ल कोटिंग खातं. पुसून बुरशी जाते, खाल्लेलं कोटिंग येत नाही.

कराडकर
कपाटात बल्ब लावून ठेवा. आमच्या घरी तीस वर्षं तेच.

धुक्यातला (पाचगणी)
४० चा पिवळा बल्ब मिळतो का आता? एलईडी लावून कपाट गरम होत नाही काका.

औंधकर
तांदळाच्या डब्यात ठेवा, ओल शोषून घेतो.

धुक्यातला (पाचगणी)
आणि पीठ हेलिकॉइडमधे, फोकस रिंगच्या आट्यांत. अहो, घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि एक छोटा आर्द्रतामापक. ४५-५० टक्क्यांवर ठेवा. साठीच्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण. फार कोरडंही नको. आणि डांबर गोळ्या तर अजिबात नकोत, त्याची वाफ काचेवर बसते.

माचीवरचा (सातारा)
माझी १०५ घेतली तेव्हा चहासारखी पिवळी होती. बुरशी नाही, थोरियम. पेंटॅक्सच्या त्या काळच्या काही टाकुमार लेन्सांत थोरियमयुक्त काच असायची, ती वर्षांनी पिवळी पडते. गच्चीत ऊन दाखवलं, काही आठवड्यांत निवळली. मागच्या बाजूला फॉइल लावा मात्र, नाहीतर भिंग होऊन पडदा पेटेल.

कराडकर
थोरियम?? म्हणजे रेडिओॲक्टिव्ह लेन्स घेऊन तुम्ही कासच्या फुलांवर वाकता?

माचीवरचा (सातारा)
फुलांची तक्रार आली नाही अजून. तक्रार आहे ती फुलांत बसून सेल्फी काढणाऱ्यांची. तुमच्या कराडच्या गाड्या शनिवार-रविवारी…

कराडकर
गाड्यांवर गेलात म्हणजे मुद्दे संपले.

गावभागातला (सांगली)
बुरशीचं काय घेऊन बसलात. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर, आमचा स्टुडिओ तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर खणात गाळ, आणि गाळात लेन्सा. वडिलांची मामियाची ८० एमएम एफ २.८ होती, तिच्या रिंगमधे वाळू करकरत होती. पुण्यात एकाकडं दिली. त्यानं ॲपर्चरच्या पात्यांना तेल लावून परत पाठवली, पैसे घेऊन. शेवटी इथल्याच एका घड्याळवाल्या काकांनी खोलली. एकेक काच वेगळी केली, जुनं ग्रीस खरवडून काढलं, नवं भरलं. मागच्या काचेवर एक डाग राहिलाय, बाकी ती आज जीएफएक्सवर चालते.

त्याच कपाटात दोन ऑटोफोकस झूम होत्या. दोघींचे बोर्ड हिरवे पडले. सर्व्हिसवाले म्हणाले, नवीन घ्या.

एवढंच सांगायचं होतं.

स्टुडिओवाले (सांगली)
भावा, पूर मीही बघितलाय, त्यावर बोलत नाही. पण महापुरातून वाचणारी लेन्स आणि मांडवात चालणारी लेन्स या दोन वेगळ्या गोष्टी. मला रोज मांडव असतो, पूर रोज नसतो.

तसं पाणी कोयनेतून कुणी सोडलं तेही सातारकरांनी सांगावं कधीतरी.

माचीवरचा (सातारा)
आलं! धरणाचे दरवाजे मी उघडतो का? आणि अलमट्टीचं काय मग?

औंधकर
अलमट्टीच्या फुगवट्याचं मी सांगतो. मुळात धरणं भरायचं वेळापत्रकच

तंतुवाद्य (मिरज)
नका सांगू. वेगळा धागा काढा.

नवा_गडी
माझ्याकडं निकॉनची जुनी ५० एमएम आहे. ती चालेल का जीएफएक्सवर? का हॅसलब्लाडची एक्स१डी घेऊ?

माचीवरचा (सातारा)
चालेल, पण कोपरे काळे येतील. ३५ एमएमच्या लेन्सला ४३ मिलिमीटरचं वर्तुळ पुरवायचं असतं, या सेन्सरचा कर्ण ५५ च्या आसपास. काही लेन्सा नशिबानं जास्त झाकतात. नाहीतर ३५ एमएम मोड लावा, ५० चे ३० मेगापिक्सेल होतील.

एक्स१डी जुन्या लेन्ससाठी घेऊ नका. तिच्या बॉडीत फोकल प्लेन शटरच (सेन्सरपुढचा पडदा) नाही, शटर असतं ते तिच्या स्वतःच्या लेन्समधे. परक्या लेन्सवर फक्त इलेक्ट्रॉनिक शटर, आणि सेन्सर ओळीओळीनं सावकाश वाचला जातो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या काढल्या तर पाती वाकडी येणार.

आणि आयबीआयएसची (सेन्सर हलवून हादरा सावरणारी) बॉडी असेल तर लेन्सची फोकल लेंग्थ हातानं भरा. विसरलात तर स्टॅबिलायझेशन चुकीच्या हिशेबानं हलेल.

स्टुडिओवाले (सांगली)
बघा, स्वतःच यादी दिली. कोपरे बघा, शटर बघा, आकडा भरा, टॉर्च मारा, ऊन दाखवा, फॉइल लावा. फोटो कधी काढायचा?

माचीवरचा (सातारा)
तुम्ही बॅटरी चार्ज करता तेवढ्या वेळात.

नळकांड्याच्या आतल्या परावर्तनाचं मात्र तुम्ही म्हणालात ते आहे. मी आतून मखमली काळा कागद लावलाय, तेव्हापासून काळा रंग काळा येतो. पण हे उत्तर धाग्यात आधी कुणी दिलं असतं, ‘भंगार’ न म्हणता, तर बरं झालं असतं.

स्टुडिओवाले (सांगली)
म्हणजे कागद चिकटवावा लागला. एवढंच ऐकायचं होतं.

आता हवेत गोळीबार बास. रविवारी हरिपूरला संगमावर या. मी जीएफ ११० एफ २ आणतो, तुम्ही तुमची १०५. बॉडी माझी १००एस, ट्रायपॉड एक, रॉ फायली दोघांनी इथं टाकायच्या, एडिट नाही.

माचीवरचा (सातारा)
येतो. एफ ८ ला.

स्टुडिओवाले (सांगली)
एफ ८ ला सगळ्याच लेन्सा शहाण्या होतात. २.४ ला.

माचीवरचा (सातारा)
२.४ म्हणजे माझी पूर्ण उघडी, तुमची अर्धा स्टॉप बंद. वा रे न्याय. एफ ४.

स्टुडिओवाले (सांगली)
चालेल, ४.

माचीवरचा (सातारा)
आणि पोर्ट्रेट काढायचं. कडा बघायच्या नाहीत.

स्टुडिओवाले (सांगली)
कडाच बघायच्या.